'भ्रूणहत्या' की 'लिंगनिवड'? : प्रजननहक्कांच्या चळवळीचा दिल्ली-मुंबई शब्दव्यवहार

गर्भाच्या लिंगाची तपासणी करण्यावर कायद्याने निर्बंध आणणारे देशातील पहिले राज्य महाराष्ट्र होय. १९८८च्या या कायद्याचा इतिहास सहसा स्त्रियांच्या चळवळीने शासनाकडून मिळविलेल्या विजयाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तसा तो आहेही. परंतु हा कायदा मागणाऱ्या गटांपुढे आरंभापासून एक पेच होता आणि तो मुळात भाषेचा होता. गर्भपात हा स्त्रीचा हक्क आहे, असे या गटांचे म्हणणे होते. मुलगी आहे म्हणून केलेला गर्भपात थांबला पाहिजे, असेही त्यांचेच म्हणणे होते. ही दोन विधाने एकाच पत्रकात, एकाच सभेत, एकाच श्रोत्यांपुढे करावयाची तर त्या कृतीला नाव कोणते द्यावयाचे? 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द हाताशी होता. तो ऐकताच श्रोता हलत असे. मात्र त्यातील 'हत्या' हे पद पहिल्या विधानाचाच पाया काढून घेत होते. मुंबईतील एक मंच, दिल्लीतील एक स्वायत्त स्त्री-संघटना आणि पुढे पुणे-मुंबईतील दोन संस्था यांच्या कार्याचा आढावा या पेचाच्या अंगाने घेतला असता, कायद्याच्या यशामागे झाकलेली एक वेगळी हार दृष्टोत्पत्तीस येते.

'हत्या' या पदाला मराठीत जुना आणि जड इतिहास आहे. धर्मशास्त्राने भ्रूणहत्येची गणना महापातकांच्या पंक्तीत केली होती. एकोणिसाव्या शतकात हेच पद सुधारकांच्या हाती आले, तेव्हा त्याचा रोख बदलला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेले गृह 'बालहत्या प्रतिबंधक गृह' म्हणून ओळखले जाते. नावात हत्या आहे. परंतु तिचे पातक विधवेच्या माथी मारण्याऐवजी तिला बाळंतपणासाठी निर्वेध जागा देणे हा त्या गृहाचा व्यवहार होता. १८८१ मध्ये सुरतेतील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अपत्यहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. तीवरून उठलेल्या वृत्तपत्रीय गदारोळातून ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) जन्मास आले. हत्या कोणाची, हा प्रश्न बाजूस सारून हत्येस प्रवृत्त कोणी केले, हा प्रश्न मराठी गद्याने असा शंभर वर्षे आधीच विचारून ठेवला होता. १९८०च्या दशकातील कार्यकर्त्यांनी या वारशाचा जितका उपयोग करावयास हवा होता, तितका केलेला दिसत नाही.

दुसरा वारसा र. धों. कर्वे यांचा. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत केंद्र सुरू केले, १९२३ मध्ये संततिनियमनावरील पुस्तक प्रसिद्ध केले आणि १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यांचा शब्द 'नियमन' हा होता आणि या नियमनाचा कर्ता व्यक्ती होती, विशेषतः स्त्री. कर्व्यांच्या प्रेरणेने या कार्यात आलेल्या शकुंतला परांजपे १९६४ मध्ये राज्यसभेवर नियुक्त होऊन दिल्लीस गेल्या. तोवर दिल्लीचा शब्द मात्र वेगळा झाला होता. १९५२च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने 'नियोजन' हे पद रूढ केले आणि त्याचा कर्ता राज्य हा झाला. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले, हे या बदललेल्या कर्तृपदाचे टोक होय. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. आणीबाणीनंतर 'कुटुंबनियोजना'चे 'कुटुंबकल्याण' झाले. दरम्यान १९७१चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७२ मध्ये अमलात आला होता. त्याने हक्क हा शब्द उच्चारला नाही. डॉक्टरने सद्भावनेने दिलेल्या मताला संरक्षण दिले, एवढेच. गर्भपाताला भारतात प्रखर विरोध झाला नाही याचे अनेकदा कौतुक केले जाते. परंतु विरोध नव्हता तो लोकसंख्येच्या चिंतेमुळे. स्त्रीच्या निर्णयस्वातंत्र्याला मान्यता मिळाल्यामुळे नव्हे. हा फरक पुढे महागात पडला.

या पार्श्वभूमीवर गर्भजल परीक्षा दिल्लीत आली. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९७४च्या सुमारास तिचा उपयोग जनुकीय दोष शोधण्यासाठी सुरू झाला. तपासणीस येणाऱ्या जोडप्यांना दोषापेक्षा लिंग जाणण्यात अधिक रस आहे, हे डॉक्टरांच्या लवकरच ध्यानात आले. १९७५ मध्ये 'इंडियन पीडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात संस्थेतील डॉक्टरांनी लिहिलेल्या लेखात या मागणीचा निषेध नव्हता. मुलाच्या आशेने होणारी अनावश्यक बाळंतपणे या तपासणीने थांबतील, अशी अपेक्षा होती. लोकसंख्येची भाषा विज्ञानाच्या तोंडी किती सहज बसली होती, याचा हा लेख नमुना आहे. दशकाच्या अखेरीस शासकीय रुग्णालयांतील अशा तपासणीवर बंदी आली आणि तंत्रज्ञान खासगी दवाखान्यांकडे वळले. १९८२ मध्ये अमृतसरच्या एका दवाखान्यातील तपासणी चुकून मुलाचा गर्भ पाडला गेल्याची बातमी गाजली, तेव्हा वृत्तपत्रांना या प्रश्नाची जाग आली. मुलाच्या गर्भासाठी आलेली ही जाग दिल्ली व मुंबईतील स्त्री-संघटनांना अर्थातच बोचली आणि त्यांनी जाहीर निषेध आरंभिला.

यानंतर 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या पानांवर १९८३ मध्ये जो वाद झाला, तो आजही वाचण्याजोगा आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अर्थशास्त्रज्ञ धर्मा कुमार यांनी मागणी-पुरवठ्याचा युक्तिवाद केला होता : जन्मानंतरच्या उपेक्षेपेक्षा जन्मापूर्वीची निवड बरी, आणि स्त्रिया दुर्मिळ झाल्या की त्यांचे मोल वाढेल. त्यास उत्तर दिले लीला दुबे यांनी. जन्माने मराठी, संगीतज्ञ सुमती मुटाटकर यांच्या भगिनी, सागर विद्यापीठात अध्यापन करून दिल्लीच्या बौद्धिक जीवनात स्थिरावलेल्या या मानवशास्त्रज्ञ विदुषीने बाजाराच्या रूपकालाच हात घातला. स्त्री ही वस्तू नसल्याने तुटवड्याने तिची प्रतिष्ठा वाढत नाही. वाढते ते तिच्यावरील नियंत्रण, अपहरण आणि खरेदी-विक्री, असे त्यांचे प्रतिपादन होते. हरियाणात पुढे दूरच्या राज्यांतून पैसे मोजून आणलेल्या वधूंचे जे चित्र दिसले, त्याने दुबे यांचा अंदाज खरा ठरविला. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने त्यांचा बीज आणि क्षेत्र या प्रतिमायुग्मावरील निबंधही या वादाच्या शेजारी ठेवून वाचावा. पुरुष बीज देतो आणि स्त्री म्हणजे भूमी, ही शेतकरी संस्कृतीची प्रतिमा अपत्यावरील मालकी कशी ठरविते, हे त्यांनी त्यात दाखविले. गर्भाविषयी बोलताना आपण कोणाच्या मालकीची भाषा बोलतो, हा प्रश्न दुबे यांच्यापाशी तयार होता. तो चळवळीच्या पत्रकांत उतरला नाही.

वादाचे रूपांतर संघटित मोहिमेत झाले ते मुंबईत. १९८५-८६ मध्ये 'फोरम अगेन्स्ट सेक्स डिटर्मिनेशन अँड सेक्स प्री-सिलेक्शन' या लांब नावाचा मंच आकारास आला. स्त्री-संघटना, लोकविज्ञान चळवळ, आरोग्यक्षेत्रातील गट, वकील आणि मानवी हक्कांचे कार्यकर्ते त्यात एकत्र आले. याला 'संस्था' म्हणणेही अवघड आहे. त्यात येणारे लोक दिवसा महाविद्यालयात शिकवीत, दवाखाने चालवीत, संशोधन करीत आणि उरलेल्या वेळात पत्रके लिहीत, बैठकी घेत, मंत्रालयात खेटे घालीत. विज्ञानाचे अध्यापक व मराठी लेखक रवींद्र रु. पं. आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासक विभूती पटेल हे मंचाच्या सर्वाधिक परिचित प्रवक्त्यांपैकी होत. मुंबईतील स्त्रीमुक्तीवादी गटात हिंदी, गुजराती, मराठी आणि इंग्रजी या चारही भाषांत बोलणारी माणसे होती. त्यामुळे प्रत्येक शब्द चार वेळा तोलला जाई.

मंचाने निवडलेल्या नावाकडे पाहावे. त्यात गर्भपात नाही आणि हत्याही नाही. आक्षेपाचे स्थान 'निर्धारण' आणि 'पूर्वनिवड' हे आहे. स्त्री दवाखान्यात गर्भ पाडते त्या क्षणाच्या आधी, बाजाराने आणि वैद्यकाने तिच्यापुढे मांडलेल्या तपासणीच्या क्षणावर बोट ठेवणे हा त्यामागील विचार होता. 'पूर्वनिवड' हे पद नावात १९८६च्या सुमारासच असणे ही दूरदृष्टी होय. कायद्याने ते पद स्वीकारावयास २००३ साल उजाडले. मराठीत मात्र अडचण झाली. लोकांच्या तोंडी 'गर्भजल परीक्षा' होती, ती तंत्राचे नाव होती आणि सोनोग्राफी आल्यावर निरुपयोगी ठरली. 'गर्भलिंगनिदान' हा शब्द शासकीय मराठीने उचलला. निदान रोगाचे होते. मुलगी असणे हा रोग असल्याचे या समासात न बोलता मान्य झाले आहे, याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. आणि 'लिंगनिवड' म्हणावे, तर 'निवड' हेच स्त्रीमुक्तीच्या जागतिक परिभाषेतील प्रिय पद. जी निवड हक्क म्हणून मागावयाची, तीच येथे अन्याय म्हणून नाकारावयाची होती.

मंचाची खरी ताकद आकड्यांबाबतच्या शिस्तीत दिसते. त्या काळात मुंबईतील आठ हजार गर्भपातांपैकी ७,९९९ गर्भ मुलींचे होते, हा आकडा देशभरच्या भाषणांतून फिरत होता. त्या एका उरलेल्या गर्भामुळे तो विसरता येत नसे. कायद्याच्या दृष्टीने उपयोगी ठरला तो याहून कमी नाट्यमय असा अभ्यास. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांपैकी ४२ जण, म्हणजे ८४ टक्के, लिंग जाणण्यासाठी गर्भजल परीक्षा करीत असल्याचे तीत आढळले. ही पाहणी राज्य शासनाच्या पुढाकाराने झाल्याने तिचे निष्कर्ष फेटाळणे शासनास शक्य नव्हते. विधिमंडळात मृणाल गोरे यांच्यासारख्या सदस्यांनी प्रश्न लावून धरला आणि १९८८ मध्ये कायदा झाला.

कायद्याने मंचाचे समाधान झाले नाही. खासगी केंद्रांवर बंदी न येता त्यांना परवान्याखाली आणले गेले. तपासणी करून घेणारी स्त्री ही पीडित आहे की सहभागी, याबाबत कायदा दोन मनांचा होता. मंचातील बहुतेक मंडळी पुढे आपापल्या अन्य कामांकडे वळली. पगारी सेवक नसलेल्या संघटनेचे हे नेहमीचे प्राक्तन आहे : मोहीम संपली की कार्यालय उरत नाही, आणि अंमलबजावणीवर लक्ष ठेवावयास तर कार्यालयच लागते.

दिल्लीतील 'सहेली' या संघटनेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या या गटाचे ठिकाण डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखालील बाजारात, दुकानांच्या वर. देशी-विदेशी निधिसंस्थांचा पैसा घ्यावयाचा नाही, व्यक्तींच्या देणग्यांवर आणि सदस्यांच्या श्रमावर भागवायचे, पदाधिकाऱ्यांची उतरंड नको, निर्णय सामूहिक घ्यावयाचा, हे नियम तिने पाळले. पत्रकांखाली व्यक्तीऐवजी संघटनेचे नाव येत असल्याने सहेलीचा इतिहास नावांनी सांगता येत नाही. तसा तो सांगू नये, अशीच तिची धारणा होती. छळ झालेल्या स्त्रियांना आधार देताना गर्भनिरोधनाचे प्रश्न पुढे आले आणि गट त्या दिशेने ओढला गेला.

१९८५ मध्ये हैदराबादजवळील पटनचेरू येथे नेट-एन या संप्रेरक-इंजेक्शनच्या चाचणीसाठी आणलेल्या स्त्रियांना ही चाचणी आहे याची पुरेशी कल्पनाच दिली गेली नव्हती. १९८६ मध्ये हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि इतर यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ती चौदा वर्षे चालली. २००० मध्ये ती निकाली निघाली ती शासनाच्या अशा भूमिकेवर, की देखरेख आणि समुपदेशनाची सोय नसलेल्या ठिकाणी सार्वत्रिक कार्यक्रमात हे इंजेक्शन आणले जाणार नाही. १९९८ मध्ये क्विनाक्रिनद्वारे नसबंदीवर बंदी आली, तीही जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सार्वजनिक आरोग्याच्या अध्यापकांनी व अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने न्यायालयात नेलेल्या प्रकरणातून. हे विजय कायमचे नव्हते : दुसरे इंजेक्शन, डीएमपीए, २०१७ मध्ये 'अंतरा' या सुंदर नावाने शासकीय कार्यक्रमात दाखल झाले.

मुंबईचा मंच आणि दिल्लीची सहेली यांची कामे वेगळ्या विषयांची वाटतात. मुंबईतील माणसे एका तपासणीविरुद्ध लढत होती, दिल्लीतील एका औषधाविरुद्ध. दोघांचा युक्तिवाद मात्र एकच होता : तंत्रज्ञान स्त्रीला पर्याय देते असे म्हणताना तो पर्याय कोणाच्या हितासाठी आखला आहे, हे पाहिले पाहिजे. या समान भूमिकेमुळेच लिंगतपासणीचा विरोध गर्भपाताच्या विरोधात घसरणार नाही, अशी त्यांची खात्री होती. निवेदिता मेनन यांनी १९९५च्या निबंधात हा विश्वास तपासून पाहिला. कायद्याच्या भाषेत हक्क सार्वत्रिक असतो. मग गर्भपाताचा निर्णय स्त्रीचा असे म्हटल्यावर तिचा एक विशिष्ट निर्णय अवैध कसा ठरवावयाचा? दिल्लीत लिहिल्या गेलेल्या या प्रश्नाला चळवळीकडे भावनिक उत्तर होते, तात्त्विक उत्तर अपुरे होते.

केंद्रीय कायदा संसदेच्या संयुक्त समितीतून जाऊन १९९४ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. त्याने एक महत्त्वाची सुधारणा केली : तपासणीस आलेल्या स्त्रीवर पतीने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असे गृहीत धरले. ताराबाईंच्या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे उत्तर म्हणता येईल. त्याची दुसरी बाजूही आहे. स्त्रीचा निर्णय तिचा नसतोच, असे मानण्याची वाट त्यातून मोकळी होते. अंमलबजावणी मात्र नव्हती. फेब्रुवारी २००० मध्ये 'सेहत', 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. आता चित्र पालटले होते. १९८७ पासून पुरंदर तालुक्यात ग्रामीण स्त्रियांसह काम करणारी, मनीषा गुप्ते व रमेश अवस्थी यांनी उभारलेली 'मासूम' आणि १९९४ मध्ये अनुसंधान ट्रस्टने सुरू केलेले 'सेहत' हे संशोधनकेंद्र, या दोहोंकडे पूर्णवेळ कर्मचारी होते. रवी दुग्गल, अमर जेसानी यांच्यासारख्या संशोधकांनी 'सेहत'ला आकड्यांची आणि वैद्यकीय नीतिशास्त्राची बैठक दिली होती. मंचाकडे जे नव्हते ते येथे होते : पाठपुरावा करणारे कार्यालय.

याचिका प्रलंबित असतानाच २००१ची जनगणना आली. शून्य ते सहा वयोगटात देशात हजार मुलांमागे मुली ९४५वरून ९२७वर उतरल्या होत्या. महाराष्ट्रात ९४६ होत्या त्या ९१३ झाल्या, दिल्लीत ९१५च्या ८६८, हरियाणात ८७९च्या ८१९. पहिला कायदा करणाऱ्या राज्यातील ही घसरण बोलकी आहे. न्यायालयाने ४ मे २००१ रोजी राज्यांना कडक निर्देश दिले, २००३ मध्ये सुधारित कायद्याने गर्भधारणापूर्व निवडही कक्षेत घेतली आणि त्याच वर्षी १० सप्टेंबरला याचिका निकाली निघाली. दिल्लीच्या परिसरात या कायद्याला दात आहेत हे दिसले २००६ मध्ये, जेव्हा पलवल येथील न्यायालयाने एका डॉक्टरला व त्याच्या साहाय्यकाला दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

परंतु शब्दांच्या पातळीवर तोवर निकाल लागून गेला होता. न्यायालयाच्या आदेशांतही भ्रूणहत्येचा वाचक इंग्रजी शब्द होता. हिंदीत 'कन्या भ्रूण हत्या' आणि मराठीत 'स्त्रीभ्रूणहत्या' भिंतींवर, शाळेच्या निबंधांत, धर्मगुरूंच्या प्रवचनांत आणि शासकीय जाहिरातींत पोहोचली. हिंदीतील 'कन्या' या पदाने तर गर्भाला पूजनीय बालिकेचे रूप दिले; मराठीतील 'स्त्री' तुलनेने कोरडे आहे. पण 'लेक वाचवा' म्हणताच मराठीही तेथेच पोहोचते. वाचवावयाची ती लेक, मारणारी तिची आई आणि वाचविणारे शासन, असे हे कथानक आहे. बाजार, डॉक्टर आणि सासर त्यातून बाहेर पडले. मंचाच्या लांबलचक नावाने जे टाळले होते ते नेमके हेच होते.

याचे परिणाम शब्दांपुरते राहिले नाहीत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा ८९४वर आला, बीड जिल्ह्याचा ८०७वर. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील परळीचे प्रकरण उघडकीस आल्यावर अशा गर्भपाताला खुनाचे कलम लावावे, अशी मागणी राज्य शासनाच्या पातळीवरून झाली. कलम बदलले नाही. पण औषध दुकानांवरील तपासण्यांच्या धाकाने गर्भपाताच्या गोळ्या ठेवणे अनेक विक्रेत्यांनी बंद केले. लिंग कळण्याआधीच्या, पहिल्या काही आठवड्यांतच वापरल्या जाणाऱ्या या गोळ्यांचा लिंगनिवडीशी संबंध नाही. 'हत्या' हे पद एकदा रुजल्यावर असा भेद करण्याचे कारण कोणासच उरले नाही. सुरक्षित गर्भपाताची वाट लहान गावातील स्त्रीला अधिक लांबची झाली. याचिकाकर्त्या संस्थांनाच आता दुहेरी काम करावे लागले. 'सेहत' आणि 'मासूम' यांनी एकीकडे कायद्याची अंमलबजावणी मागितली आणि दुसरीकडे पत्रकार, डॉक्टर व अधिकारी यांना 'भ्रूणहत्या' हा शब्द का वापरू नये, हे समजावून सांगण्याची खटपट चालविली.

गर्भपाताचा कायदा पुढे बदलला तो स्वतंत्र वाटेने. २०२१च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' या शब्दप्रयोगाच्या जागी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आला आणि विशिष्ट वर्गातील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. दिल्लीतील एका अविवाहित तरुणीला दिल्ली उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ सप्टेंबर २०२२च्या निकालाने अविवाहित स्त्रीलाही ही मुदत लागू केली आणि प्रजननविषयक निर्णयस्वातंत्र्य हे स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भाग असल्याचे नि:संदिग्ध शब्दांत सांगितले. दोन्ही कायदे आज एकाच तपासणीकक्षात लागू होतात. गर्भलिंगतपासणी हा येथे गुन्हा आहे, असा फलक सोनोग्राफी केंद्राच्या दारावर इंग्रजीत व स्थानिक भाषेत लावणे सक्तीचे आहे. गर्भपात कायदेशीर आहे, असे सांगणारा फलक लावण्याची सक्ती त्याच दारावर नाही.